विकलेलं आणि दिलेलं

फाल्गुन लागला की मला अंगाला खाज सुटते. पुण्यात, अकराव्या मजल्यावर, एसीच्या गारव्यात बसून. त्वचेच्या डॉक्टरांनी दोन मलमं देऊन पाहिली आणि मग हळूच विचारलं, "घरी काही ताण वगैरे?" मी म्हटलं, "गावाकडं ज्वारी निघाली असेल." त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि तिसरं मलम लिहून दिलं. ज्यानं ज्वारीची मळणी अंगावर घेतली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कणसं भरडली जाताना जो बारीक भुसा उडतो त्याला आमच्याकडे कूस म्हणतात. ती मानेत शिरते, कोपराच्या घडीत बसते, आणि कितीही आंघोळ केली तरी दुसऱ्या दिवशी उशीवर सापडते. मी गेली कित्येक वर्षं खळ्यावर पाऊल ठेवलेलं नाही. कुशीला त्याचं काय?

खाजेच्या मागोमाग आवाज येतो. मळणी यंत्राला आमच्या आष्टीकडे नुसतं मशीन म्हणतात, जणू जगात दुसरं मशीनच नाही. ते रिकामं फिरत असलं की बारीक सुरात रडतं. कणसांची पाटी आत गेली की आवाज एकदम जाड होतो, पोट भरल्यासारखा. मग पुन्हा बारीक. उन्हाळा नुकता तापायला लागलेला असतो, पिकं निघून गेलेली, माळ उघडा पडलेला, आणि दूरच्या कुठल्यातरी वस्तीवरून हा आवाज दुपारभर येत राहतो. लहानपणी मला तो आवाज ऐकत झोप लागायची. नंतर एका सुगीपासून उलटं झालं. आता तो आवाज जाड झाला की मी तो पुन्हा बारीक होण्याची वाट बघते, आणि तोवर श्वास घ्यायचं विसरते.

आष्टीत बाजाराच्या रस्त्यावर माझ्या वडिलांचं आणि युनूसचाचांचं वर्कशॉप होतं. वडिलांना सगळा गाव आप्पा म्हणायचा, म्हणून आम्हीही आप्पाच म्हणायचो. आप्पांकडे लेथ आणि मोजमाप, चाचांकडे वेल्डिंग आणि तोंड. दोघांनी मिळून मशीनं बनवायला सुरुवात केली तेव्हा दोघांनाही मिशा नीट फुटलेल्या नव्हत्या, असं चाचा सांगतात. आप्पा म्हणतात, मला फुटल्या होत्या. ईदला आमच्याकडे डबा यायचा, दिवाळीला त्यांच्याकडे जायचा, आणि वर्षभर दोघं एकमेकांना मूर्ख ठरवत सुखानं काम करायचे.

मशीनचा सांगाडा एकच. आत दात्यांचा ड्रम, खाली चाळण्या, बाजूला पंखा. पण सांगाड्यावर काय चढवायचं ते गिऱ्हाईक ठरवणार. कुणाला बाजरीची चाळणी, कुणाला तुरीची. यंत्राच्या तोंडाला पुढे आलेली पत्र्याची पन्हाळ असते, जिच्यातून कणसं आत सारायची. वर्कशॉपात तिला जीभ म्हणत. ज्वारीवाल्यांना लांब जीभ, वरून झाकलेली, म्हणजे बाईचा हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. पण तूर आणि हरभरा पडला झुडपासारखा. तो त्या झाकलेल्या नळकांड्यात अडकायचा. म्हणून तुरीवाल्यांना आखूड, उघडी जीभ. तसंच पुलीचं. मशीन डिझेलच्या इंजिनावर चालवायचं तर एक पुली, ट्रॅक्टरवर चालवायचं तर दुसरी. ट्रॅक्टरवर ड्रम सुसाट पळतो. दिवसाचं काम दुपारी उरकतं.

आणि वर्कशॉपचा नियम एकच होता: गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही. "मागल ते मिळंल," असं चाचा दारात उभं राहून सांगायचे. शेजारच्या गावच्या वर्कशॉपात एकच ठरलेलं मशीन मिळायचं, घ्या नाहीतर जा. आमच्याकडे माणूस यायचा, चहा प्यायचा, आपल्या रानाचं, पिकाचं, बायकोच्या पाठदुखीचं सांगायचा, आणि त्या सगळ्याला बसेल असं मशीन घेऊन जायचा. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. अजून आठवलं की वाटतो, आणि मग स्वतःचाच राग येतो.

आज मी पुण्यात हेच काम करते, फक्त पंख्याखाली नाही. आमची कंपनी यंत्रं बनवत नाही. यंत्रं बनवणाऱ्यांना त्यांच्या यंत्रांचं घराणं मांडून देते. पंपांचं घराणं, गिअरांचं घराणं, कधी त्यांच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं. पडद्यावर एक उलटं झाड काढायचं. खोडात सगळ्यांना सारखं असलेलं. फांद्यांवर वेगळेपण: हे किंवा ते, असलं तर चालेल, असलंच पाहिजे. आणि फांद्या काढून झाल्या की खरं काम सुरू होतं. कुठली फांदी कुठल्या फांदीबरोबर चालत नाही ते शोधायचं. हे घेतलं तर ते घेता येणार नाही, अशी लाल रेघ मारायची. नवी मुलं फांद्या फार हौसेनं काढतात. पर्याय जितके जास्त तितका गिऱ्हाईक खूष, असं त्यांना कॉलेजात शिकवून पाठवलेलं असतं. रेघा मारायचा त्यांना कंटाळा येतो. मी त्यांच्यावर ओरडते. ओरडण्यात माझा हातखंडा आहे.

आणखी एक सवय आहे. प्रत्येक मीटिंगच्या शेवटी मी विचारते, "आणि जे विकलेलं नाही, ते?" म्हणजे नमुना म्हणून दिलेलं, मालकाच्या मेव्हण्याकडे असलेलं, कुणाच्या तरी शब्दाखातर जोडून दिलेलं. ते या झाडात कुठे आहे? समोरचे एकमेकांकडे बघतात. ऑफिसात यावर विनोद आहेत. कुणाला वाढदिवसाला फुकट केक मिळाला तरी म्हणतात, "मॅडमना सांगा, झाडावर घ्यावा लागेल." मीही हसते.

सुतार ही गोष्ट आमच्या कितीतरी आधी शिकले होते, असं मला अलीकडे वाटतं. दुफण, तिफण, चौफण ही पेरणीची अवजारं एकाच घरातली भावंडं. बियाणं सोडायचं चाडं तेच, जोखडाला बांधायची तऱ्हा तीच. फण तेवढे कमी-जास्त. पण भारी काळ्या रानात मरतुकड्या बैलांना चौफण मागायला कुणी आलं तर सुतार ती करून द्यायचा नाही. "बैल मरंल," एवढंच म्हणायचा आणि तासणी उचलायचा. बैलगाडीच्या काळात नाही म्हणणं सोपं होतं की माणसं जास्त उद्धट होती, मला ठाऊक नाही. आम्ही मात्र गोड बोलायला शिकलो आणि तिथंच घात झाला.

त्या वर्षी मी संभाजीनगरला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. दिवाळीला घरी आले तर वर्कशॉपात एक मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं. आप्पा त्याला कुणाला हात लावू देईनात. ते इंदूआत्यासाठी होतं. आत्या म्हणजे आप्पांची एकुलती एक धाकटी बहीण, पाटोद्याजवळच्या वस्तीवर दिलेली. तिच्या घरी त्याच वर्षी ट्रॅक्टर आला होता. त्यांची आई लवकर गेल्यामुळे आप्पांनीच तिला वाढवलेलं. तिची वेणीसुद्धा आप्पा घालायचे, आणि ती इतकी घट्ट घालायचे की तिचे डोळे ताणले जायचे, असं ती हसून सांगायची. दर भाऊबीजेला तिच्या ताटात आप्पा साडी घालायचे. त्या वर्षी म्हणाले, "साड्या लई झाल्या. औंदा बहिणीच्या ताटात मशीन घालतो."

जे जे चांगलं ते ते त्यांनी त्यात घातलं. ड्रमला नवे दाते, चाळण्यांचे सगळे संच, आत्याच्या रानात हरभरा आणि तूर म्हणून आखूड जीभ, ट्रॅक्टर म्हणून ट्रॅक्टरची पुली. चाचांनी निळा रंग दिला आणि बाजूला कमळ काढलं, जे कोबीसारखं दिसत होतं. भाऊबीजेला ट्रॅक्टरमागे हार घातलेलं मशीन घेऊन आम्ही सगळे वस्तीवर गेलो. आत्या अंगणात उभी राहून रडली. "एवढं कावून केलंस दादा," म्हणाली, आणि मशीनलाही कुंकू लावलं.

मग माघ सरला, ज्वारी निघाली. मी शेवटच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी घरी आले होते. एका सकाळी वर्कशॉपात एक माणूस आला आणि बसला. चाचांनी पाणी दिलं. ते पिऊन तो म्हणाला, "छबूबाईचा हात गेला. मशीनमंदी. उजवा."

ते मशीन आमचंच. त्या आलेल्या माणसानंच आधी तुरीसाठी आखूड जीभ बसवून नेली होती. ती आप्पांनी बसवली. नंतरच्या एका सुगीत त्यानं ट्रॅक्टरची पुली नेली. ती चाचांनी बसवली. आखूड जीभ इंजिनावर चालते, कारण काही अडकलं की इंजिनाचा पट्टा घसरतो आणि ड्रम थांबतो. ट्रॅक्टरची पुली लांब जिभेवर चालते, कारण हात आतपर्यंत जातच नाही. दोन्ही कामं बरोबर होती. दोन्ही एकत्र आल्यावर मात्र हात ड्रमपर्यंत पोचत होता आणि ड्रम थांबत नव्हता. छबूबाई रोजानं कामाला आलेली बाई. कणसांचा एक झुपका अडकला म्हणून तिनं तो हातानं आत ढकलला, जसा बायका वर्षानुवर्षं ढकलत आल्या होत्या.

आम्ही तिला बघायला दवाखान्यात गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.  तिनंच मान वळवून विचारलं, "मशीन तुमीच करता काय?"

"हां," आप्पा म्हणाले.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "लई पळतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. औषधाच्या गुंगीत होती बिचारी, आणि खरं ते सांगत होती. आप्पा बाहेर येऊन व्हरांड्यात खाली बसले. मी त्यांना त्याआधी कधी जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

वर्कशॉपात आल्यावर मी खडू घेतला आणि शटरच्या आतल्या बाजूला झाड काढलं. जीभ लांब, जीभ आखूड. पुली इंजिनाची, पुली ट्रॅक्टरची. आखूडकडून ट्रॅक्टरकडे एक रेघ मारली. कॉलेजात हे आम्हाला नळाच्या तोट्यांचं उदाहरण घेऊन शिकवलं होतं, आणि मी अर्धा तास झोपून ते ऐकलं होतं. चाचा रेघेकडे बघत राहिले. "अशी आजून कुटं कुटं गेली?" ते म्हणाले. "आप्पा, आठव. दोन्ही असलेली कुणाकुणाला इकली आपण?"

हाच प्रश्न आम्ही पुढे रोज विचारत राहिलो. कुणाकुणाला विकली?

जुन्या जीपमध्ये वेल्डिंगचं सामान आणि लांब जिभांचे पत्रे घालून आम्ही निघालो. आप्पांच्या डोक्यात गिऱ्हाईकं गावांच्या नावानं नव्हती, मागण्यांच्या नावानं होती. "तो चाळणी वाकडी पाहिजे म्हननारा." "तो कुठला बे? तो तर मेला." "मेला तो त्याचा भाऊ." असं भांडत भांडत माळ तुडवत जायचो. जिथं बारीक सुरात रडणारं मशीन ऐकू येईल तिकडे जीप वळवायची. ऊन चढत होतं, कडब्याच्या गंजी उभ्या राहत होत्या, वाटेत कुणी आग्रहानं ताक द्यायचं आणि ते पिताना आम्हाला लाज वाटायची. मी मागे पत्र्यांवर बसलेली. पत्रे इतके तापायचे की गोधडी घालून बसावं लागे. अंग कुशीनं पेटलेलं. तरीही त्या दिवसांत मी आप्पांच्या जितकी जवळ होते तितकी आधी नव्हते आणि नंतरही नाही. हे असं का असतं? वाईट दिवसांत माणसं एकमेकांना नीट दिसतात, आणि पुढे तीच ओळख एकमेकांच्या समोर येऊ देत नाही.

एका वस्तीवर दोन्ही असलेलं मशीन सापडलं. चालू होतं. एक पोक्त बाई कणसं सारत होती, कोपरापर्यंत आत. आप्पा धावतच गेले आणि हातवारे करून ट्रॅक्टर बंद करायला लावला. मालक भडकला.

"सुगीत मशीन बंद ठिवू? डोकं ठिकानावर हाय का? मागं सगळ्या वस्त्या लायनीत हायत."

"आर्ध्या दिसाचं काम हाय," आप्पा म्हणाले. "लांब जीभ बशिवतो. तुमाला खर्च पडायचा न्हाई."

"कावून पन? पळतंय की झ्याक. तुमीच तर करून दिलं."

"म्हनून तर आलो."

"सुगी झाली की या."

 चाचांनी पाना घेतला, पुली काढली आणि जीपमध्ये आणून माझ्या शेजारी ठेवली. मालक अंगावर धावून आला. "ए बे! ठिव ती खाली!"

"मार की," चाचा म्हणाले. "मारायला हात हायत न्हवं दोनी? त्येच ऱ्हाऊ द्येत म्हनून आलोय."

ती पोक्त बाई तोवर सावलीत जाऊन बसली होती. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बशिवू द्या वो त्यास्नी. मला बी भ्याव वाटतंय." मालकानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू मशीनच बोललं. मग बाजूला सरला. आम्ही जीभ बसवली.

त्याच दुपारी आत्याचा फोन आला. छबूबाईची बातमी पाटोद्यापर्यंत पोचली होती. जीप बाभळीखाली उभी करून आप्पांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला, कारण त्यांचे हात ग्रीसनं भरले होते.

"दादा, लई वाईट झालं त्या बाईचं," आत्या म्हणाली. "पन तू मुद्दाम न्हाई केलंस. जीवाला लावून घिऊ नगं. जेवतोस का येळेवर?"

"जेवतो."

"खोटं बोलतोस. युनूसभाऊ, त्येला जेवाय घाला वो."

चाचा मोठ्यानं "व्हय व्हय" म्हणाले. आत्याच्या मागे कुठेतरी मशीन चालू होतं. त्या दिवसांत कुणाचाही फोन आला तरी मागे मशीन चालूच असायचं. आप्पा म्हणाले, "ठिवतो, कामं हायत," आणि आम्ही पुढच्या वस्तीकडे निघालो.

शेवटचं मशीन झालं तेव्हा होळी तोंडावर आली होती. आप्पांनी आणि चाचांनी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, शटरवरच्या झाडासमोर उभं राहून एकेका माणसाचं नाव घेतलं. कुणी उरलं नव्हतं. आप्पा म्हणाले, "झाली. इकलेली समदी झाली." घरी येऊन ते पोटभर जेवले. आईनं भाकरी वाढता वाढता डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी घरात कुणीतरी मोठ्यानं हसलं. मला वाटतं मीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं वर्कशॉपात होतो. चाचा साबणानं हात धूत होते. पाटोद्याहून फोन आला, आत्याच्या दिराचा. आप्पांनी ऐकलं. फोन ठेवला. मला वाटलं आणखी कुणीतरी जीभ बदलून मागतंय.

"इंदी," आप्पा म्हणाले. "हरबरा करत व्हती."

चाचांच्या हाताला साबण तसाच. ते आप्पांकडे बघत राहिले, मग शटरवरच्या झाडाकडे. "आप्पा," ते म्हणाले, "तिचं कसं ऱ्हायलं रे?"

आप्पांनी सावकाश उत्तर दिलं, हिशेब चुकलेल्या पोरासारखं. "तिला मी इकलं न्हवतं रे, युनूस. दिलं व्हतं."

बाकीचं मी लिहीत नाही. दवाखाना तोच, व्हरांडाही तोच. आत्याचा उजवा हात मनगटाच्या वर जिथं संपतो तिथं नंतर ती बांगडी घालायची थांबली, एवढंच.

या गोष्टीवर मी इतकी वर्षं विचार करते आहे की त्यावरच पोट भरते, असं म्हटलं तरी चालेल. लोक म्हणतात, नोंद ठेवायला हवी होती. नोंद ठेवली असती तरी विकलेल्याचीच ठेवली असती. माणूस परक्यासाठी सावध असतो. परक्याला विकताना तो मागतो तेवढंच देतो. कुठं ना कुठं त्याचा हात आखडतो, आणि त्या आखडण्यातही कधी कधी कुणाचा तरी हात वाचतो. आपल्या माणसाला देताना मात्र जे जे चांगलं ते सगळं एकत्र घालतो. आम्हा यंत्रवाल्यांच्या भाषेत सारख्या यंत्रांना घराणं म्हणायची रीत आहे. हा शब्द ज्यानं आणला त्याला खरं घर ठाऊक नसावं. घरातलं माणूस कुठल्याच फांदीवर लिहिलेलं नसतं. ते आहे असं आपण धरूनच चाललेलो असतो.

आप्पांनी लेथ पुन्हा चालवला नाही. वर्कशॉप चाचा चालवतात, अजूनही. आता तिथं एकच जीभ मिळते, लांब. आखूड मागायला कुणी आलं तर चाचा म्हणतात, "न्हाई मिळायची." माणूस विचारतो, "कावून?"  चाचा शटर ओढून त्याची आतली बाजू त्याला दाखवतात. खडू कधीच पुसला गेला होता. चाचांनी ते झाड पांढऱ्या ऑइलपेंटनं गिरवून घेतलंय आणि रेघ लाल. माणसं ते बघतात, त्यांना काही कळत नाही, आणि ती दुसऱ्या दुकानात जातात. तिथं आखूड मिळते. ट्रॅक्टरची पुलीही मिळते. मागाल ते मिळतं. परवाच्या फेरीत मी पाहिलं, त्या दुकानापुढे गर्दी होती आणि चाचा एकटेच बिडी ओढत बसले होते.

ती सुगी संपली, पाऊस झाला न झाला, आणि दिवाळी आली. भाऊबीजेला भावानं बहिणीकडे जायचं असतं. आप्पा सकाळपासून परसात काहीतरी शोधत होते. काही शोधत नव्हते. आईनं विचारलं तर म्हणाले, "मला न्हाई जमायचं." तेवढ्यात आत्याचा निरोप आला: दादा आला न्हाई तर मी पाट घिऊन तिकडं येते. तेव्हा निघाले.

वस्तीवर पोचलो. निळं मशीन गोठ्यामागे उभं होतं, ताडपत्रीखाली; चाचांच्या कमळाचा कोपरा दिसत होता. आप्पा तिकडे न बघता आत गेले. आत्यानं पाट मांडला होता, भोवती डाव्या हातानं रांगोळी काढली होती, वाकडी. आप्पा पाटावर बसले. आत्याची सून ओवाळणीचं ताट धरायला पुढे झाली, कारण एका हातानं ताट धरून त्याच हातानं कुंकू लावता येत नाही. आत्यानं तिला बाजूला केलं. "तू सर. दादा धरील."

आप्पांनी स्वतःच्या ओवाळणीचं ताट स्वतःच्या दोन्ही हातांत धरलं. आत्यानं डाव्या हाताच्या अंगठ्यानं कुंकू लावलं. ते भुवईवर ओघळलं. अक्षता लावल्या. मग तिनं ताटाखाली हात घातला, आणि आप्पांचे दोन आणि तिचा एक अशा तीन हातांनी ते ताट आप्पांच्याच चेहऱ्याभोवती फिरायला लागलं.  

ओवाळून झालं. आता भावानं ताटात काहीतरी घालायचं असतं. आप्पांच्या खिशात काय होतं मला माहीत नाही. त्यांनी खिशाकडे हात न्यायला म्हणून ताटावरचा एक हात सोडला, आणि ताट कलंडायला लागलं.

"ऱ्हाऊ दे दादा," आत्या म्हणाली. "औंदा काय घालू नगं. निस्तं धर."

त्यांनी सोडलेला हात परत ताटाला लावला, आणि ते धरून बसले.